न पाहिलेल्या बर्फाचा फोटो

२०२३ च्या डिसेंबरची २ तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्याचं फेस्त, त्यामुळे डिचोलीच्या स्टँडवर बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. शनिवार म्हणून आमच्या घरी शिवराक, म्हणजे शाकाहारी. दुपारी एकच्या सुमारास मुगागाठी आणि भात पुढ्यात आला आणि तेवढ्यात फोन कुरकुरला. पुतणीनं फोटो पाठवला होता. ती म्युनिकला शिकते. तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ. रात्रभर बर्फ पडला होता, इतका की विमानतळ बंद, ट्राम बंद, बस बंद. ती खोलीच्या मागच्या अंगणात उतरली, फोन काढला आणि काकाला पाठवून दिला.

फोटोत कुंपण होतं, कुंपणाला टेकवलेल्या दोन सायकली होत्या, एक बाक होता आणि बाकाशेजारी एक उंचवटा, गोल, पांढरा. पांढरा म्हणायचं एवढंच. खरं तर सगळं ओल्या सिमेंटच्या रंगाचं होतं. खाली प्रश्न: "काका, समोर बघते तर डोळे दिपतात, आणि फोटोत मळकं येतंय. फोन बिघडलाय का?"

मी बर्फ पाहिलेला नाही. पडताना तर नाहीच, पडलेलासुद्धा नाही. उत्तरेला काशीपर्यंत गेलो, तेही मे महिन्यात. माझ्या ओळखीचा बर्फ म्हणजे मासळीबाजारात कोयत्यानं फोडतात ती लादी, जत्रेतला गोळा आणि आमच्या जुन्या फ्रीजच्या कप्प्यात साचणारा थर, जो महिन्यातून एकदा बायको सुरीनं खरवडते आणि मी ओरडतो. तरीही तिच्या प्रश्नाचं उत्तर मला ताट सरकवायच्या आधीच माहीत होतं. ते उत्तर मी १९८८ साली दिवाडी बेटावर शिकलो होतो, आणि चांगलाच अपमान होऊन शिकलो होतो.

त्या काळी मी नुकता लग्नांचे फोटो घ्यायला लागलो होतो. डिचोलीतली लग्नं म्हणजे शालू, हिरवा चुडा, मुंडावळ्या, हळद. रंगच रंग. कॅमेऱ्यातला मीटर सांगेल तसं करायचं, फोटो बरे यायचे. मग कुणाच्या तरी ओळखीनं दिवाडीचं एक ख्रिस्ती लग्न मिळालं. नार्व्याहून फेरीबोटीनं पलीकडे गेलो, इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पायऱ्यांवर नवरीला उभं केलं. मागे चुन्यानं रंगवलेली भिंत, अंगावर पांढरा गाऊन, डोक्यावर जाळीची पांढरी ओढणी, हातात पांढरी फुलं. अख्खा रोल मीटरच्या भरवशावर काढला. पंधरा दिवसांनी अल्बम घेऊन गेलो तर नवरीच्या आईनं तीन पानं उलटली, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "बाब, व्हंकलेचें गांवन नवें आशिल्लें. हें म्हेळें कशें दिसता?"

नवा गाऊन मळका का दिसतो, याचं उत्तर नव्हतं माझ्याकडे. उरलेले पैसेही मग मी मागितले नाहीत.

म्हापशाला एक जुने फोटोग्राफर होते, त्यांच्याकडे निगेटिव्ह घेऊन गेलो. त्यांनी ती खिडकीकडे धरली आणि हसले. म्हणाले, मीटरला गाऊन माहीत नाही, नवरी माहीत नाही, पांढरं माहीत नाही. त्याला फक्त उजेड मोजता येतो. त्याला शिकवलेलं एवढंच, की जगात जे काही आहे ते सरासरीनं मधल्या करड्या रंगाचं आहे, पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारं. शालू, झाडं, माणसांचे चेहरे, लाल माती यांची सरासरी काढली तर ते बरंचसं खरंही ठरतं. पण त्याच्यापुढे सगळं पांढरंच आलं तर तो म्हणतो, अरे, इतका उजेड असेल कसा, नक्कीच जास्त झाला, आणि उजेड कमी करून पांढऱ्याला करडं करून ठेवतो. नवरा शेजारी काळ्या सुटात उभा असला की हिशोब आपोआप जुळतो. म्हणून नवरा-नवरीचे जोडीचे फोटो बरे होते आणि नवरीचे एकटीचे मळके.

उपाय उलटा वाटतो, म्हणून लोकांना पटत नाही. पांढरी वस्तू आधीच उजळ आहे, तरी तिला आणखी उजेड द्यायचा. काळ्याला आणखी कमी करायचा. गाऊनसाठी एक ते दीड स्टॉप जास्त; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. ताज्या बर्फाला, पुस्तकात वाचलं होतं त्यावरून, एक ते दोन. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडातला ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतो. मीटरची समजूत अठराची, समोर ऐंशी. बिचाऱ्याचा गोंधळ होणारच.

(आणि मीटर सुधारला तरी पुढे लॅब होतीच. प्रिंट काढणारं मशीनही त्याच शाळेतलं. मी नीट उजेड देऊन काढलेला गाऊन ते पुन्हा करडा करायचं. एका लॅबवाल्याशी या एका गोष्टीवरून मी सात वर्षं भांडलो. नाव सांगत नाही, लॅब आता बंद आहे आणि मालक देवळात भेटला की आम्ही दोघंही हसतो.)

तर पुतणीला लिहिलं, पडद्यावर बर्फाला बोट लाव, शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते वर सरकव. आणखी वर. थांब. दोन मिनिटांत दुसरा फोटो आला. अंगण पांढरंशुभ्र. मग उत्साहाच्या भरात तिसरा, त्यात सूर्य पार टोकाला सरकवलेला आणि बाक, उंचवटा, कुंपण सगळं एकाच पांढऱ्यात गडप. कोऱ्या कागदासारखं. मग तिला सांगावं लागलं की पांढऱ्यालाही अंग असतं. नवरीच्या गाऊनवरची जाळी दिसली पाहिजे, चुण्या दिसल्या पाहिजेत. जिथे कणही दिसेनासा होतो त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबायचं.

भात गार झाला होता. बायको काही बोलली नाही, फक्त ताट उचलून पुन्हा गरम करायला घेऊन गेली. हे बोलण्यापेक्षा वाईट.

त्या हिवाळ्यात आमची ती शिकवणी चालूच राहिली. मी न पाहिलेल्या गोष्टीचा मास्तर. गंमत अशी की तिची जवळजवळ प्रत्येक अडचण मी इथे या ना त्या रूपात भोगलेली होती. पडणाऱ्या बर्फाचा फ्लॅश मारून फोटो काढला तर जवळचे कण मोठ्ठे पांढरे ठिपके होऊन येतात, असं ती म्हणाली. आमच्या चतुर्थीच्या विसर्जनात पाऊस आला की तेच होतं, गणपतीच्या तोंडासमोर चुरमुरे उडवल्यासारखं. फ्लॅश बंद कर. मागे काळपट काहीतरी घे, सुरूचं झाड, दाराची चौकट, म्हणजे कण उठून दिसतील. एक पंचशतांश सेकंद ठेवलास तर कण हवेत थांबतील, एक तिसांश ठेवलास तर रेघा होतील. दोन्ही खरं, तुला काय दाखवायचं ते बघ. बाहेरून आत आलं की तिच्या कॅमेऱ्यावर दव धरायचं. तिथे गार कॅमेरा उबदार खोलीत येतो म्हणून. इथे एसी हॉलमधून बाहेर लॉनवर केक कापायला नवरा-नवरी निघाले की माझ्या लेन्सवर अगदी तेच. पाच मिनिटं काही दिसत नाही, आणि केक त्या पाच मिनिटांतच कापला जातो. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, पिशवीवर दव धरू द्यायचं, कॅमेऱ्याला सावकाश खोलीच्या हवेची सवय होऊ द्यायची. युक्ती एकच.

बर्फ पांढरा का, हे मात्र तिनं विचारलं तेव्हा मी थबकलो. पाणी पांढरं नाही, काच पांढरी नाही. मग दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात इसवणाचा भाव ऐकून परत फिरताना उत्तर समोर दिसलं. लादी अर्धवट काचेसारखी, आतून पलीकडचा गोणपाट दिसत होता. तीच लादी फोडून पेटीत बांगड्यांवर टाकली की पांढरी. आरपार दिसणाऱ्या वस्तूचे बारीक बारीक तुकडे झाले की उजेड प्रत्येक तुकड्याच्या कडेवर आपटतो, वळतो, पुन्हा आपटतो आणि सगळे रंग सारखेच घेऊन माघारी येतो. म्हणून पांढरं. खडीसाखर आणि पिठीसाखर. आगरवाड्याला एप्रिलात गेलात तर मिठाचंही तेच. शापोरा नदीकाठच्या त्या चौकोनी वाफ्यांत एकेक खडा पाहिला तर काचेसारखा, आणि रास पाहिली की पांढरी. अगदी शुभ्र नाही हं, आपल्या गोव्याचं मीठ थोडं चिखलाच्या अंगानंच येतं. तिथे मीटर करडं दाखवतो तेव्हा तो पूर्ण खोटंही बोलत नसतो.

आणि धुकं. आमच्याकडे म्हणतात धुंवर. डिसेंबर-जानेवारीत आभाळ स्वच्छ असलं की रात्री जमीन गार पडते, नदीकाठची ओली हवा जमिनीलगत थंड होते, आणि पहाटे नार्व्याच्या धक्क्यावर उभं राहिलं तर फेरीबोट आधी ऐकू येते, मग दिसते. पाण्याचे बारीक थेंब, तेही आरपार दिसणारे, पण लाखोंनी एकत्र आले की पांढरे. मी तिथे इतक्या सकाळी काढल्यात की मला वाटतं बर्फाचा माझा सगळा अभ्यास धुंवरातच झाला. एक स्टॉप जास्त, कॅमेऱ्याची आपोआप फोकस करायची सोय बंद, कारण तिला धरायला कडा सापडत नाही आणि ती पुढे-मागे करत बसते. फोकस हातानं लावायचा. आई असती तर म्हणाली असती, कसले फोटो काढतोस, आंब्या-काजूचा मोहोर करपणार ते बघ.

याच शिकवणीत मला बेंटली भेटला. विल्सन बेंटली, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या जेरिको गावचा शेतकरी. पंधराव्या वर्षी आईनं त्याला मायक्रोस्कोप दिला. पुढे वडिलांनी, मुलाचं हे खूळ आहे असं मानूनही, कॅमेरा घेऊन दिला. १५ जानेवारी १८८५ ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यानं मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हिमाच्या एका स्फटिकाचा फोटो काढला. मग जन्मभर तेच. गार पडवीत काळ्या फळीवर कण झेलायचे, काडीनं उचलून काचेवर ठेवायचे, पिसानं हळूच दाबायचे आणि श्वास रोखून फोटो काढायचा, कारण उच्छ्वासानं ते वितळतात. पाच हजारांवर स्फटिक त्यानं टिपले, आणि ते सगळे स्वतःच्या शेताच्या आसपास. १९३१ साली त्याच्या चोवीसशेहून अधिक चित्रांचं पुस्तक निघालं आणि त्याच डिसेंबरात तो गेला. हिमवादळातून चालत घरी आला होता, न्यूमोनिया झाला.

मला त्याची आवडलेली गोष्ट वेगळीच. स्फटिक उजळ, मागची पार्श्वभूमीही उजळ. पांढऱ्यावर पांढरं, म्हणजे माझी दिवाडीची नवरी. तर हा गृहस्थ निगेटिव्हची दुसरी प्रत काढून त्यातला स्फटिकाभोवतीचा थर बारीक चाकूनं खरवडून टाकायचा. निगेटिव्हवर थर नाही म्हणजे काच मोकळी, उजेड आरपार, आणि छापल्यावर तो भाग काळाभोर. आणि निगेटिव्हवर काही अडकलं, धूळ, केस, तर उजेड अडतो आणि छापल्यावर ते पांढरं येतं. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. आम्ही डार्करूममध्ये तीस वर्षं याच गणितावर जगलो.

त्यानं पावसाचे थेंबही मोजले होते. थाळीत इंचभर बारीक पीठ घ्यायचं, पावसात क्षणभर धरायचं आणि आत घ्यायचं. प्रत्येक थेंबाची पिठात गोळी होते. ती वाळवून मोजायची. १९०४ साली त्यानं हे छापलं. आता बर्फ नाही तर नाही, पाऊस तर आपल्याकडे हवा तेवढा आहे. पुढच्या जूनमध्ये मी ताटात तांदळाचं पीठ पसरून अंगणात उभा राहिलो. गोळ्या धरल्या नाहीत, बोट लावताच मोडल्या. तांदळाच्या पिठाला चिकटपणा कुठला? मग मैदा. मैद्यात झकास झाल्या, मोहरीएवढ्या, वाटाण्याहून लहान. सहा मिलिमीटरच्या पुढचा थेंब खाली येईतो टिकतच नाही, वाटेत फुटतो, हे वाचलं होतं. माझी सगळ्यात मोठी गोळी तेवढी भरलीही नाही. बायकोनं दोन्ही पिठांचा हिशोब विचारला. तो मी इथे देत नाही.

हे सगळं चालू असताना जानेवारीपर्यंत पुतणीचे फोटो चाळीस-एक झाले होते. उजेड बरोबर, फोकस बरोबर. मधे दोन दिवस ऊन पडलं तेव्हा सकाळी तिरप्या किरणांत बर्फावरच्या सावल्या निळ्या येतात, हे तिनं स्वतः शोधलं आणि फोन बिघडल्याची शंका पुन्हा काढली. सावलीत सूर्याचा उजेड नसतो, उरतो तो आभाळाचा, आभाळ निळं म्हणून सावली निळी. राहू दे तशीच, म्हटलं. ती खुश. आणि मला मात्र फोटो पाहून पाहून कंटाळा यायला लागला होता. तिला सांगवेना. बाक पांढरा, झाड पांढरं, गाडी पांढरी. कुठल्याही कॅलेंडरवर खपतील असे.

शेवटी एकदा विचारलं, "त्या बाकाशेजारी जो उंचवटा आहे, त्याच्याखाली काय आहे?"

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "माहीत नाही काका. ऑक्टोबरात इथे राहायला आले. मागच्या अंगणात कधी गेलेच नव्हते. बर्फ पडला म्हणून गेले."

मला काय खटकत होतं ते तेव्हा कळलं. झाकलेल्या गोष्टीचा फोटो ती काढत होती आणि खाली काय आहे ते काढणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. बेंटलीच्या गावचा माणूस त्या उंचवट्याकडे बघून म्हणाला असता, अरे, विहिरीचा कठडा कुठवर बुडाला बघ. नार्व्याच्या धुंवरात मला पलीकडची दिवाडी दिसत नाही, पण ती कुठे नाही हे मला दिसतं. इगर्जी इथे असायला हवी, माड इथे. नसलेल्याची जागा ठाऊक असते म्हणून तो फोटो. मोप विमानतळावर उतरून थेट नार्व्याला आलेल्या पाहुण्याला तिथे नुसता पांढरा कागद दिसेल, आणि त्याची काही चूक नाही.

आणि झाकलेलं घर आपल्याकडेही होतं की. तिला ते आठवायला हवं होतं, किंवा कदाचित आठवत असेल म्हणूनच ती बोलत नसेल.

आमच्या वाड्यावरून खनिजाचे ट्रक जायचे. डिचोलीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. डोंगरावरून नदीकाठच्या जेटीपर्यंत, जेटीवरून बार्जनं मांडवीतून मुरगावला. चीनची मागणी वाढली तसे ट्रक शेपटाला शेपूट लावून धावायला लागले. पावसाळा सरला की महिन्याभरात सगळं लाल. केळीची पानं, दोरीवरचे कपडे, तुळशीवृंदावन, देवळाची पायरी, खिडकीचे गज. लोहखनिजाची ती धूळ पिठासारखी बारीक. सकाळी पाणी मारायचं, दुपारपर्यंत पुन्हा थर. मुलं पानांवर बोटानं नावं लिहायची. मीटरला तिचा काही त्रास नव्हता, ती मधल्याच उजेडाची, सरासरीत बसणारी. म्हणून असेल, मी तिचे फोटो कधी काढले नाहीत. रोज पडणाऱ्या गोष्टीचा फोटो कोण काढतो? पहिल्या पावसानंतर पानं धुतली जायची तेव्हाच्या हिरव्याचे मात्र माझ्याकडे डझनावारी आहेत.

धुळीला शिव्या घालणं सोपं आहे, मीही घातल्यात. पण माझ्या मोठ्या भावाचे दोन ट्रक त्या रांगेत होते. पुतणीची शाळा, शिकवणी, घराची नवी कौलं, सगळं त्या लाल पिठातून आलेलं. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं. ती तेव्हा तेरा वर्षांची. भावानं एक ट्रक विकला, दुसरा माडाखाली उभा केला. मधे पुन्हा काही काळ कामं सुरू झाली आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद पडली. त्या उन्हाळ्यात आमच्या वाड्यावरची झाडं एप्रिलात हिरवी होती. वहिनी धुतलेली चादर दोरीवरून काढून नाकाशी धरायची, आणि भाऊ अंगणात माडाखालच्या ट्रककडे पाठ करून बसायचा. मी दोघांचेही फोटो काढू शकलो असतो. नाही काढले.

मार्चमध्ये म्युनिकचा बर्फ गेला. एके दुपारी पुतणीनं न सांगता त्याच अंगणाचा फोटो पाठवला. ओला चिखल, मेलेलं गवत, बाकाची एक फळी तुटलेली. एका सायकलीला चाकच नव्हतं. आणि तो गोल उंचवटा म्हणजे लहान मुलांचा वाळू खेळायचा प्लास्टिकचा हौद, पालथा घातलेला, हिरव्या रंगाचा, कासवाच्या आकाराचा. उजेड गचाळ, चौकट तिरकी. मी तो मोठा करून करून पाहिला. मग डिसेंबरातला तिचा पहिला, मळका फोटो काढून शेजारी ठेवला, तेव्हा कासवाची पाठ लगेच ओळखू आली.

जुलैमध्ये तिचा निरोप आला की घराचा एखादा जुना फोटो हवाय. ट्रक चालू होते तेव्हाचा. "लाल असलेला," तिनं लिहिलं.

माझ्याकडे असा एकच असेल याची मला कल्पना होती. २००५ च्या पाडव्याला भावाचा दुसरा ट्रक आला तेव्हाचा. फिल्मवरचा. कपाटातून निगेटिव्हचे डबे उतरवले. गोव्याच्या पावसाळ्यात डबा उघडणं म्हणजे धीराचं काम. लेन्स मी सिलिका जेल घालून बंद पेटीत ठेवतो, तरी एका लेन्सच्या आत बुरशीनं फांद्या काढल्या, अगदी बेंटलीच्या स्फटिकांसारख्या, आणि दुरुस्तीवाल्यानं चार महिने ठेवून तशीच परत केली. निगेटिव्हला तर कसली पेटी? पत्र्याचे बिस्किटांचे डबे. अर्ध्याअधिक पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या.

ती पट्टी सापडली. स्कॅन केली. फोटोत ट्रक धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालून उभा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. समोर सहा वर्षांची पुतणी, परकर-पोलक्यात, डोळे उन्हानं बारीक केलेले. मागे घर. भिंतीचा चुना लाल, वृंदावन लाल, आंब्याची पानं लाल, एवढा ट्रक तेवढा स्वच्छ. आणि या सगळ्यावर बुरशी. बुरशीनं उजेड अडवलेला, म्हणून छापात ती पांढरी उतरली होती. छपरावर दाट, आंब्याच्या फांद्यांवर, वृंदावनाच्या कडेवर, टोकदार बारीक फांद्याफांद्यांची. हातभर लांब धरून पाहिलं तर भलतंच काही वाटत होतं.

संगणकात असे डाग काढायची सोय असते. एकेका डागावर टिचकी मारत बसायचं. संध्याकाळभर बसलो. पुतणीचा चेहरा साफ केला, परकर केला, झेंडूच्या माळा केल्या, ट्रकची काच केली. वृंदावनापर्यंत आलो. बाहेर पाऊस कौलांवर नुसता ओतत होता. मग हात आखडला, तसाच ठेवून दिला आणि पाठवून मोकळा झालो.

म्युनिकला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच असतील. लगेच उत्तर आलं. आधी ट्रकविषयी, बाबांच्या त्या शर्टविषयी, स्वतःच्या परकराविषयी. मग थोड्या वेळानं:

"काका, छपरावरचं साफ करायचं राहिलं का?"

राहिलं, म्हणून मी लिहिलं.